वाचकांचे प्रश्न : गूढ वाक्य खोल कधी आणि पोकळ कधी?

लोकप्रिय कादंबऱ्या, चित्रपट आणि मालिकांमधल्या गूढ वाक्यांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही या अंकात घेतले आहेत. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न : एका फँटसी कादंबरीतला साधू नायकाला म्हणतो, ‘सावलीला सावली नसते, म्हणूनच ती मुक्त असते.’ वाचताना अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला अर्थ सांगायला गेले, तर काहीच हाती लागेना. वाक्य पोकळ आहे की माझी समज कमी पडते आहे? — सांगली

समज कमी पडत नाही. असं वाक्य तपासायला पाच मिनिटं पुरतात.

आधी ते उलटं करून बघा. ‘सावलीला सावली नसते, म्हणूनच ती कायमची बांधलेली असते.’ हेही तितकंच भारदस्त वाटतं. ज्या वाक्याचं उलट वाक्य त्याच गांभीर्यानं खपून जातं, त्यात ठाम विधान असं काही नसतं. मग वाक्याचा सांधा शोधा. इथे तो ‘म्हणूनच’ आहे. पहिला अर्धा भाग शब्दशः खरा आहे, पण त्यात नवीन काही नाही. दुसरा भाग फार मोठा दावा करतो, आणि त्याला पुरावा म्हणून फक्त ते ‘म्हणूनच’ आहे. पहिल्या भागाचा खरेपणा दुसऱ्याला उसना मिळतो. गूढ वाक्यांमधली लबाडी बहुतेक वेळा नामांत नसते. ती ‘म्हणूनच’, ‘तेव्हाच’, ‘खरं तर’, ‘फक्त’ अशा शब्दांत लपलेली असते. तिथे पेन्सिलीनं खूण करायची सवय लावा.

यानंतर वाक्य कथेतून काढून टाका. नायक पुढे जे करतो त्यातलं काही बदलतं का? त्यानं घेतलेला एखादा निर्णय, चुकीची निवडलेली एखादी वाट या वाक्यावर उभी आहे का? नसेल, तर ते वाक्य सजावटीचं आहे. शेवटी तेच वाक्य साधूऐवजी बसच्या कंडक्टरच्या तोंडी घालून बघा. वजन एकदम उतरलं, तर ते भगव्या कपड्याचं होतं असं समजा.

निकाल मात्र कादंबरी संपल्यावरच द्या. या चाचण्यांत नापास झालेलं वाक्य पात्राचं असू शकतं, लेखकाचं नव्हे. साधू ढोंगी निघाला, किंवा नायक अशा वाक्यांना भुलतो हेच लेखकाला दाखवायचं असेल, तर तेच पोकळ वाक्य कथेत चोख काम करतं.

प्रश्न : अर्थ नसलेलं वाक्य खोल का वाटतं? यावर कुणी अभ्यास केला आहे का? — ठाणे

केला आहे. २०१५ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात गॉर्डन पेनिकूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच मोजलं. अध्यात्माच्या बाजारात चालणारे भारदस्त शब्द घेऊन संगणकानं वाटेल तशी जुळवलेली वाक्यं त्यांनी लोकांपुढे ठेवली. व्याकरण शुद्ध, पण अर्थ कुणीच घातलेला नाही. प्रत्येक वाक्य किती खोल वाटतं याला एक ते पाच गुण द्यायचे होते. सरासरी दोन आणि तीनच्या मध्ये आली. म्हणजे लोकांना ती वाक्यं निदान थोडीफार खोल वाटली. या कामाला २०१६ साली इग नोबेल पारितोषिक मिळालं. ते हसवून विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिलं जातं.

मागची कारणं एकापेक्षा जास्त आहेत. व्याकरण जागच्या जागी असलं की आपण अर्थ असणारच असं धरून चालतो. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५७ साली ‘रंगहीन हिरव्या कल्पना त्वेषानं झोपतात’ या धर्तीचं वाक्य मुद्दाम रचलं होतं, ते व्याकरणाची शुद्धता आणि अर्थ या वेगळ्या गोष्टी आहेत हे दाखवायला. पण हे वाक्य दोनदा वाचा, मन लगेच त्यात काहीतरी शोधायला लागतं. दुसरं कारण नाद. अमेरिकेत २००० साली झालेल्या एका अभ्यासात यमक असलेली अपरिचित वचनं लोकांना जास्त खरी वाटली. तोच अर्थ यमकाशिवाय सांगितला, तर तितका पटला नाही. ओवी-अभंगाच्या लयीत वाढलेल्या आपल्या कानाला तर हे फार लवकर होतं.

तिसरं कारण कथावाङ्मयात सगळ्यांत जास्त काम करतं. फ्रेंच विचारवंत दान स्पेर्बेर यांनी २०१० साली त्याला गुरूचा परिणाम म्हटलं. बोलणारा आदरणीय असला की त्याच्या न कळलेल्या वाक्यात अर्थ आहेच असं आपण मानतो. मग तो शोधण्यात जितके कष्ट पडतात, तितकं ते वाक्य मोलाचं वाटू लागतं. कादंबरीकार पांढरी दाढी, देऊळ, मध्यरात्र आणि संवादानंतरची शांतता पुरवतो, बाकीचं काम वाचकच करतो. चित्रपटात याच जागी तानपुरा वाजतो.

उपाय साधा आहे. वाक्यातली ‘अनंत’, ‘शून्य’, ‘चैतन्य’, ‘अस्तित्व’ अशी नामं काढून त्यांच्या जागी रोजच्या वापरातले शब्द घाला आणि सपाट आवाजात मोठ्यानं वाचा. एका वाक्यात अशी तीन नामं असतील आणि त्यातलं एकही दिसत, ऐकू येत किंवा हाताला लागत नसेल, तर सावध राहा.

प्रश्न : ‘बेचाळीस’ या उत्तराचा खरा अर्थ काय? आणि ‘ॲलिस’मधल्या कावळा-टेबलाच्या कोड्याचं उत्तर आहे का? — नाशिक

दोन्ही प्रश्न एकत्र आले हे बरं झालं, कारण दोन्ही उदाहरणांत अर्थ आधी नव्हताच.

बेचाळीस हा आकडा डग्लस ॲडम्स यांच्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ या बीबीसीच्या नभोनाट्यातून आला. वर्ष १९७८. प्रचंड मोठा संगणक साडेसात दशलक्ष वर्षं विचार करून जीवन, विश्व आणि बाकी सगळ्याचं उत्तर देतो : बेचाळीस. ॲडम्स यांनी १९९३ साली स्वतःच सांगितलं की हा विनोद होता. त्यांना एक साधा, लहानसा आकडा हवा होता आणि हा त्यांना चालण्यासारखा वाटला. त्यामुळे आकड्यात काही शोधू नका. प्रसंगाला मात्र अर्थ आहे. उत्तर मिळाल्यावर सगळ्यांच्या लक्षात येतं की मूळ प्रश्न काय होता हे कुणालाच माहीत नाही. ३१४१५ असा आकडा दिला असता, तर वाचक आकड्यातच अडकले असते आणि प्रश्न हरवल्याचं कुणाच्या लक्षात आलं नसतं.

लुईस कॅरॉल यांच्या ‘ॲलिस इन वंडरलँड’मध्ये (१८६५) वेडा टोपीवाला विचारतो : डोमकावळा आणि लिहायचं मेज यांत साम्य काय? उत्तर पुस्तकात नाही. वाचकांनी इतकी वर्षं विचारलं, की लुईस कॅरॉल यांनी १८९६ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत एक उत्तर दिलं आणि ते नंतर सुचलं आहे, मूळ कोड्याला उत्तरच नव्हतं, हेही तिथेच लिहून ठेवलं. त्या उत्तरात त्यांनी ‘कधीच नाही’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग मुद्दाम चुकवलं होतं, म्हणजे तो उलटा वाचला की डोमकावळ्याचं इंग्रजी नाव व्हावं. मुद्रितं तपासणाऱ्यानं ती ‘चूक’ दुरुस्त केली आणि गंमत गेली. १९७६ साली एका अभ्यासकानं हे उघडकीला आणलं, तोवर ऐंशी वर्षं लोक दुरुस्त केलेलं उत्तर वाचत होते. लिहिणाऱ्यांनी यातून एक कामाची गोष्ट घ्यावी. हस्तलिखितात मुद्दाम केलेली अशुद्धी, उलटे शब्द, आद्याक्षरांत दडवलेलं नाव असं काही असेल, तर त्याची पान क्रमांकासह यादी मुद्रितशोधकाला वेगळ्या कागदावर द्या. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळीही द्या, कारण तेव्हा बहुधा माणूस बदललेला असतो.

प्रश्न : ‘ब्लेड रनर’च्या शेवटी मरणारा यंत्रमानव जी ठिकाणं सांगतो, ती आपण कधीच पाहिलेली नसतात. तरी ते बोलणं आतपर्यंत जातं. तेही निरर्थकच ना? — मडगाव

नाही. हा प्रकार वेगळा आहे, आणि आमच्या मते सगळ्यांत अवघड.

१९८२ च्या या चित्रपटात तो मृगनक्षत्राच्या खांद्यापाशी पेटलेली जहाजं सांगतो, टॅनहॉयझर नावाच्या द्वाराजवळ चमकणारे किरण सांगतो. ते द्वार कुठे आहे हे चित्रपट कधीही सांगत नाही. पण रचना बघा. ‘मी पाहिलं आहे’ ही चौकट सगळ्यांना कळते. क्रियापदं साधी आहेत : जळणं, चमकणं. अनोळखी गोष्टी दोनच, आणि दोन्ही डोळ्यांपुढे येतात. मग शेवटी पावसात मिसळून जाणारे अश्रू येतात, जे समजायला कुठलीही माहिती लागत नाही. पटकथेतलं भाषण लांब होतं. नट रुटगर हाऊअर यांनी ते कापलं आणि अश्रूंची ओळ स्वतः घातली. लांब भाषणात अनोळखी नावांची संख्या वाढते, आणि चार-पाच नावांनंतर प्रेक्षक ती ऐकणं सोडून देतो. जागा कुठे आहे हे न कळणं इथे गरजेचं आहे, कारण त्याच्या आठवणी त्याच्याबरोबर संपणार आहेत.

प्रश्न : मी किल्ल्याच्या पार्श्वभूमीवर फँटसी कादंबरी लिहितो आहे. पहिल्या प्रकरणात एक भाकीत हवं आहे. लिहितो ते एकतर लगेच ओळखू येतं, नाहीतर अगदीच धूसर होतं. नेमकं कसं लिहावं? — कोल्हापूर

धूसर होतं, कारण तुम्ही बहुधा वाक्यापासून सुरुवात करता. सुरुवात घटनेपासून करा. शेवटी काय घडणार आहे ते एका ओळीत, कसलाही अलंकार न वापरता लिहा. समजा, ‘दुष्काळात खंदक आटतो आणि शत्रू त्यातून चालत आत येतो.’ आता यातली अशी एकच गोष्ट उचला, जी दोन तऱ्हांनी सांगता येईल. भाकीत असं होईल : ‘ज्या दिवशी पाणी वाट देईल, त्या दिवशी कोट पडेल.’

मराठी वाचकाला हे ऐकताच टोपलीतला कृष्ण आणि दुभंगलेली यमुना आठवते. तो चमत्काराची वाट बघत बसतो. किल्लेदारही चमत्कार होणार नाही म्हणून निर्धास्त राहतो. चुकीचा अर्थ वाचकाच्या मनात आपोआप आला पाहिजे आणि खरा अर्थ त्याच शब्दांत निमूट बसलेला असला पाहिजे.

मग शब्दन्‌शब्द तपासा. ‘पाणी वाट देईल’ दोन्ही अर्थांनी चालतं. ‘त्या दिवशी’ मात्र अडचणीचं आहे. खंदक आज आटला आणि कोट पंधरा दिवसांनी पडला, तर भाकीत खोटं ठरलं. एक तर खंदकातून पहिला माणूस पार होतो त्याच दिवशी कोट पाडा, नाहीतर ‘ज्या साली’, ‘त्या साली’ असं करा. अशी चूक वाचकाला लगेच सांगता येत नाही, पण शेवट फसल्यासारखा वाटतो.

मराठीत आणखी एक सापळा आहे, लिंगाचा. ‘आला’, ‘आली’ हे सगळं उघड करतात. भविष्यकाळातलं ‘येईल’, ‘बसेल’, ‘मारील’ करत नाही. गादीचा वारस मुलगी निघणार असेल आणि तुम्ही ‘जो गादीवर बसेल’ लिहिलंत, तर ती वाचकाची फसवणूक झाली. ‘गादीवर बसेल ते रक्त धाकट्या घराचं असेल’ हे प्रामाणिक आहे. भाकितं भविष्यकाळात लिहा आणि विशेषणं जपून वापरा.

अटी किती घालायच्या? हिरण्यकशिपूच्या वरदानात माणूस नाही-पशू नाही, दिवस नाही-रात्र नाही, आत नाही-बाहेर नाही, शस्त्र नाही अशा अटींची रांग आहे, आणि नरसिंह, तिन्हीसांज, उंबरठा, नखं यांनी एकही अट न सोडता सगळ्या भागवल्या. म्हणून ती गोष्ट आजही लहान मूल श्वास रोखून ऐकतं. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ला दोन मुख्य अटी पुरल्या : स्त्रीच्या पोटी जन्मलेला कुणी त्याला इजा करू शकणार नाही, आणि रान चालत गडापर्यंत आल्याशिवाय तो हरणार नाही. पहिल्या कादंबरीत दोनच ठेवा. तीनच्या वर गेलात, की वाचक कथा सोडून हिशेब ठेवायला लागतो, आणि एक अट जरी राहून गेली तरी पत्रं येतात.

भाकीत कादंबरीच्या पहिल्या चतुर्थांशात येऊ द्या. त्यानंतर एकदा कुणीतरी त्याचा चुकीचा अर्थ आत्मविश्वासानं सांगू दे. मग शेवटापर्यंत निदान पन्नास पानं त्याचा उल्लेखही नको. याच काळात खंदकाचं पाणी उतरताना किमान तीनदा दिसलं पाहिजे, पण दरवेळी दुसऱ्याच निमित्तानं : धुणं धुवायला बायकांना दोन पायऱ्या जास्त उतराव्या लागतात, पोरं हातानं मासे पकडतात, संध्याकाळी तटावर चिखलाचा वास येतो. ही तयारी राहिली, तर शेवट आकाशातून पडल्यासारखा वाटेल. शेवटी उलगडा बोलून दाखवू नका. भेगाळलेल्या चिखलावर एका शिपायाचं पाऊल पडलं, की वाचकाला आपोआप आठवेल. ‘म्हणजे भाकिताचा अर्थ हा होता तर!’ असं पात्राला म्हणायला लावलंत, तर वाचकाचा शोध तुम्ही काढून घेतला.

सगळ्यांत जास्त दिसणारा दोष म्हणजे ‘अंधार प्रकाशाला गिळेल तेव्हा एकटा उभा राहील’ असली भाकितं. ही कुठल्याही शेवटाला लागू पडतात. जे खोटं ठरूच शकत नाही, ते खरं ठरल्याचं समाधानही देत नाही. याउलट ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं सांगितलेली लिडियाच्या राजाची, क्रीससची गोष्ट बघा. पर्शियनांवर चाल करून गेलास तर मोठं साम्राज्य लयाला जाईल, असं डेल्फीच्या देवस्थानानं त्याला सांगितलं, आणि लयाला गेलं ते त्याचं स्वतःचं. तिथे कृती, शत्रू आणि परिणाम तिन्ही ठरलेलं आहे. उघडं ठेवलं आहे ते फक्त कोणाचं साम्राज्य एवढंच. तुमच्या वाक्यातही एकच जागा उघडी ठेवा.

प्रश्न : ‘काट्याच्या अणीवर वसले तीन गाव’ किंवा ‘मुंगी उडाली आकाशी’ यांनाही मग पोकळ म्हणायचं का? — आळंदी

अजिबात नाही, आणि फरक नीट सांगायला हवा.

ज्ञानदेवांच्या नावावर असलेल्या त्या अभंगाची रचना बघा. तीन गावं, ‘दोन ओसाड एक वसेचिना’. जे वसतच नाही तिथे तीन कुंभार येतात. त्यांची मडकी, मडक्यांत शिजायला घातलेले मूग, जेवायला आलेले पाहुणे असं पुढे पुढे जातं. प्रत्येक कडवं आधीच्या कडव्यातल्या नकारातून उगवतं. एक शब्दही इकडचा तिकडे करता येत नाही. गाव, मडकं, मूग, पाहुणा या सगळ्या रोजच्या, हाताला लागणाऱ्या वस्तू आहेत. वरच्या उत्तरात सांगितलेल्या भारदस्त नामांचा इथे मागमूस नाही. शिवाय हे कूट आहे हे लपवलेलं नाही. सद्गुरूवाचून अर्थ कळणार नाही, असं अभंग स्वतःच शेवटी सांगतो. मुक्ताबाईंच्या अभंगातली सूर्य गिळणारी मुंगीही अशीच : चित्र लख्ख, घटना अशक्य, आणि अशक्यपणा मुद्दाम. टीकाकार अर्थ निरनिराळे लावतात, पण लावताना प्रत्येक ओळीचा हिशेब द्यावा लागतो.

लोकप्रिय कथा लिहिणाऱ्यांना आपल्या परंपरेतली दुसरी एक गोष्ट जास्त उपयोगी आहे. गणपती न थांबता महाभारत लिहिणार, पण अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही, अशी अट. म्हणून व्यासांनी मधे मधे कूट श्लोक घातले, आणि गणपती विचार करत थांबला की तेवढ्यात पुढची रचना केली. परंपरा अशा श्लोकांची संख्या ८८०० सांगते. (पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीनं गणपतीचा हा प्रसंग मूळ संहितेत न घेता परिशिष्टात ठेवला आहे.) म्हणजे कूट हा वेग थांबवायचा उपाय आहे. वाचकानं जिथे थांबावं असं वाटतं, तिथेच तो वापरा. पाठलाग चालू असताना, तलवारी उपसलेल्या असताना गूढ वाक्य घातलं, तर वाचक ते ओलांडून पुढे पळतो आणि ते फुकट जातं.

प्रश्न : आमच्या वाचनगटात एकाच गूढ ओळीचे चार अर्थ निघतात आणि वाद होतो. कुठला धरावा? — पुणे

जो अर्थ त्या ओळीखेरीज कथेतल्या आणखी निदान दोन-तीन गोष्टींचा उलगडा करतो, तो धरा. फक्त त्याच एका ओळीला लागू पडणारा अर्थ बाजूला ठेवा. त्याच बेचाळीसच्या गोष्टीत पुढे ‘सहा नव्वे किती’ असा प्रश्न निघतो. उत्तर चोपन्न यायला हवं. वाचकांनी शोधून काढलं की तेरा हा पाया धरून आकडे लिहिले, तर चोपन्न हे बेचाळीस असंच लिहिलं जातं : चार वेळा तेरा अधिक दोन. हिशेब बिनचूक आहे. पण त्या पायाचा कथेत दुसरीकडे कुठेही उपयोग नाही, आणि तेराच्या पायावर आपण विनोद करत नाही, असं लेखकानंही सांगून टाकलं.

गटासाठी एक पद्धत चालू करून बघा. चर्चेआधी प्रत्येकानं आपला अर्थ एका चिठ्ठीवर दोन ओळींत लिहायचा आणि त्याखाली पुस्तकातल्या तीन पानांचे क्रमांक द्यायचे. ज्याला तीन पानं सापडत नाहीत, त्यानं त्या दिवशी फक्त ऐकायचं. पुढच्या बैठकीला पानं घेऊन यायला त्याला मोकळीक असते.